टेकडीवरचे चार रविवार: फी वसूल झाली का?

नातू चौथीत आहे. त्याला पुण्याच्या वेताळ टेकडीवर भरणाऱ्या निसर्गवहीच्या वर्गाला घातलं, म्हणजे बाहेर बसून जे दिसेल ते वहीत काढायचं आणि लिहायचं. जानेवारीतले चार रविवार, सकाळी पावणेसात ते नऊ, फी 2,400 रुपये, वही-पेन्सिल त्यांचीच. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे सोबत जाताना डोक्यात थोडी हवा होतीच, हे आधीच कबूल करते.

पहिल्यांदा वहीबद्दल बोलते, कारण खरा राग तिच्यावर आहे. कागद इतका पातळ की ओला ब्रश टेकला की डाग मागच्या पानावर. शिवाय निम्म्या पानांवर छापील फुलपाखरं, त्यांत रंग भरायचे! समोर मेडशिंगीच्या वाळक्या शेंगा मेंढ्याच्या शिंगांसारख्या वाकून लोंबतायत आणि पोरं माना खाली घालून छापील फुलपाखरू रंगवतायत. पहिल्याच दिवशी मी परत निघणार होते. दुसऱ्या रविवारी नातवाला पुठ्ठ्यावर कोरे कागद क्लिपने लावून दिले. तुम्हीही तेच करा. आणि खोडरबर घरी ठेवा. त्यांनी तो दिलाय, पण मुलं अर्धा वेळ खोडण्यातच घालवतात.

शिकवणारी मुलगी मात्र अस्सल. ती नावं सांगतच नाही. काय दिसलं, काय प्रश्न पडला, कशासारखं वाटलं, एवढं लिहायला लावते. एका बाबांनी मोबाइलवर ॲप उघडूनच ठेवलं होतं. त्यांच्या लेकीने मान वर करायच्या आत ते "शिपाई बुलबुल!" म्हणून मोकळे. शिकवणाऱ्या ताईने हसत हसत सगळ्या पालकांना लांबच्या खडकावर बसवलं. मलाही. बरोबरच होतं म्हणा, कारण नातवाने सालईचं खोड काढलं तेव्हा "साल एवढी फाटकी नको दाखवूस" असं मीच म्हणाले होते. नंतर जवळ जाऊन पाहिलं, तर सालईची साल खरंच जुन्या कागदासारखी सुटत होती.

तिसरा रविवार मात्र पैसे वसूल करणारा. प्रत्येकाने एक जागा निवडायची आणि वीस मिनिटं तिथून हलायचं नाही. आमच्या बाळराजांनी मुंग्यांचं घर निवडलं. मातीच्या गोल गोल कडा, जणू जमिनीवर उमललेलं फूल, आणि भोवती गवताच्या दाण्यांचा कोंडा. तो ओरडला, "ताई, ह्या दाणे आत नेतायत की बाहेर काढतायत?" ताई म्हणाली, "मोज की." त्याने पाच मिनिटं मोजलं: 41 आत, 17 बाहेर. बाहेर येणाऱ्यांच्या तोंडात नुसती टरफलं होती, हेही त्यालाच दिसलं. मग तिने सांगितलं की कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्याच पुण्यात, परेड ग्राउंडजवळ, मुंग्यांनी गवताचं बी ढिगाढिगाने बाहेर आणून ठेवलेलं पाहिलं आणि 1830च्या दशकात ते छापून आलं. पावसाने भिजलेलं बी त्या ऊन पडल्यावर वाळवत असाव्यात, असा त्याचा अंदाज. आपल्या कुरडया-पापडांसारखं! नातू तेव्हापासून साइक्सला 'आपला साइक्स' म्हणतो.

चौथा रविवार वाया गेला. प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो, भाषण. एका ताईमागे 24 मुलं म्हणजे अतिच. बारा असती तर मी 3,000 सुद्धा दिले असते. वर स्वच्छतागृह नाही, मुलांना घरूनच उरकून न्या.

परवाच्या रविवारी वर्ग नव्हता, तरी स्वारी पुठ्ठा घेऊन साडेसहाला दारात. गेलो. मुंग्यांच्या घरावर कुणाचा तरी बूट पडला होता. त्याने तेही काढलं, बुटाच्या नक्षीसकट, आणि खाली लिहिलं: "8 मुंग्या दुरुस्तीवर."