चावीचा टायमर आणि दहावीचं वर्ष : सात महिन्यांच्या वापरानंतर

जूनच्या शेवटी, शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मी हा चावीचा टायमर घेतला. अमळनेरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानातून, अडीचशे रुपयांना. स्वयंपाकासाठी नाही, मुलासाठी. तो यंदा दहावीला आहे. आता जानेवारी संपत आलाय, पूर्वपरीक्षेचे पेपर हातात आलेत, म्हणून लिहायला बसले. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि ते खरं नसतं.

आधी घरात काय चालायचं ते सांगते. शाळेतून आला की दप्तर खाटेवर आणि स्वतः मोबाइल घेऊन ओट्यावर. सातला मी ओरडायचे, आठला त्याचे पप्पा, नऊला जेवण, आणि दहाला ठरलेलं उत्तर, "सकाळी लवकर उठून करतो." ती सकाळ काही उजाडायची नाही. "पोरगा हुशार आहे, पण आळशी आहे," हे मी पाहुण्यांसमोर, त्याच्यादेखत कितीदा म्हटलं असेल. ते आठवलं की आज टोचतं.

पद्धत साधी आहे. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी, असं चारदा झालं की अर्धा तास मोकळा. फ्रांचेस्को चिरिल्लो या इटलीतल्या विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी ती स्वतःसाठीच काढली, कारण त्याचंही अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर होता, म्हणून नाव पडलं पोमोदोरो, म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. आमचा टायमर पांढरा आणि गोल आहे, त्यामुळे आमच्याकडे २५ मिनिटांना "एक चावी" म्हणतात.

मोबाइलवरचा टायमर आधी वापरून पाहिला होता. तो लावायला मोबाइल हातात घ्यावा लागतो, आणि हातात आला की काय होतं ते सगळ्या घरांना माहीत आहे. चावीच्या टायमरला दुसरं काही येत नाही, हाच त्याचा गुण.

वस्तूबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. काटा थेट १० किंवा २५ वर नेऊन सोडला तर घंटा धड वाजत नाही. आधी ६० पर्यंत पूर्ण फिरवायचा, मग मागे हव्या त्या आकड्यावर आणायचा. हे कळायच्या आत दोनदा घंटा वाजलीच नाही आणि मी तो परत द्यायला निघाले होते. वेळ मिनिटभर मागेपुढे होते, त्याने काही बिघडत नाही. घंटा मात्र कर्कश आहे. गव्हाला पाणी द्यायला त्याचे पप्पा रात्री शेतात असतात, कारण लाईट रात्रीची, आणि दिवसा झोपतात. मग टायमर टॉवेलात गुंडाळून ठेवतो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी अहिराणीत विचारलं, "हाई काय टकटक लायेल शे?" म्हणजे ही काय टकटक लावलीय. आता त्यांची जपमाळही त्याच वेळात होते.

कारण नियम सगळ्या घराला आहे. चावी फिरली की टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल पिठाच्या डब्यावर, आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी समोर ब्लाउजला हुक लावत बसते. मुलाला एकट्याला खोलीत कोंडून हे चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिले काही आठवडे तो नुसता बसायचा. २५ मिनिटं वही उघडी आणि पेन तसंच. मग ऑगस्टमध्ये, आमच्या खानदेशातला कानबाईचा सण होऊन गेल्यावर, एका संध्याकाळी बीजगणित काढलं, वर्गसमीकरणं. दहा मिनिटं पेन हललं नाही. एरवी मी ओरडले असते. टकटक चालू होती म्हणून गप्प राहिले. मग खाली बघतच त्याने विचारलं, "मम्मी, ५४चे दोन भाग असे कसे पाडायचे, की बेरीज १५ येईल?" मी स्वतः दहावीनंतर शिकले नाही, पण पाढे पाठ आहेत. सहा नव्वे चोपन्न, आणि नऊ नि सहा पंधरा. त्याने लिहिलं, पण पुढच्या गणितात परत अडला. तेव्हा कळलं की अवयव पाडणं त्याला आठवीपासूनच येत नव्हतं. वर्गात विचारलं तर पोरं हसतील म्हणून दोन वर्षं विचारलं नाही. वही उघडली की ते न येणं समोर यायचं, म्हणून वहीच उघडायची नाही. त्याला मी आळस म्हणत होते.

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण मोबाइल नको होता, म्हणून शेजारच्या मुलीचं आठवीचं पुस्तक मागून आणलं. बारा दिवस रोज दोन चाव्या, फक्त अवयव. दहावीचं वर्ष आणि हा आठवीचं करतोय म्हणून त्याचे पप्पा काळजीत होते. मीही होते.

त्यानंतरची युक्ती त्याची स्वतःची. घंटा झाली की गणित अर्धं असलं तरी तिथेच पेन ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्नच उरत नाही. मला वाटतं, सगळ्यात जास्त फायदा याचा झाला. इतिहास-विज्ञानाला शेवटची चावी पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला ठेवतो. वाचलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात वेगाने विसरतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच दाखवलं होतं, म्हणून तीच चावी तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आमच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळायचे. मुलांनी टाकलेली कामं ते न बोलता स्वतः करायचे, हे इथे लहानपणापासून ऐकत आलो. ऐकलं खूप, घरात केलं नव्हतं. आता मी "ऊठ, बस" म्हणत नाही. सहाला चटई टाकते, वही आदल्या दिवशीच्या पानावर उघडून ठेवते आणि शेजारी टायमर. बहुतेक दिवशी तो येऊन बसतो.

बहुतेक, रोज नाही. दिवाळीत कापूस वेचायला मजूर मिळाले नाहीत, सगळं घर शेतात. संध्याकाळी बोटांना बोंडांची टोकं टोचलेली असायची, पेन धरवायचं नाही. अकरा दिवस चावी फिरली नाही, आणि नंतर पुन्हा तोच ओटा नि तोच मोबाइल. २५ मिनिटं म्हटलं की उठेचना. शेवटी १० वर आणलं, चार दिवस फक्त १०, मग १५. मोडलं तर पूर्ण मापाने सुरू करू नका, एवढं नक्की सांगेन. पाच मिनिटांच्या सुट्टीत मोबाइल दिला तरी मोडतं. आमच्याकडे सुट्टीत माठातलं पाणी, नाहीतर शेळीला पाला.

पेपरसाठी मात्र ही पद्धत पुरत नाही. बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर दोन तासांचा, मराठीचा ८० गुणांचा तीन तासांचा. २५ मिनिटांची सवय लागलेला मुलगा तिथे चुळबुळ करतो. डिसेंबरात आम्ही दोन चाव्या जोडल्या, जानेवारीत सलग दोन तास. हे आधी करायला हवं होतं, उशीर झाला.

गुण सांगते. बीजगणित प्रथम सत्रात ४० पैकी १६, पूर्वपरीक्षेत २६. विज्ञान थोडं वाढलं. इंग्रजी आहे तिथेच आहे, कारण तिथे नुसतं बसून उपयोग नाही, शिकवणारं कुणीतरी हवं. ते टायमर करू शकत नाही आणि मीही नाही.

परीक्षेला टायमर नेता येणार नाही, म्हणून आता तो काट्यांचं मनगटी घड्याळ घालून बसतो. टायमर पाचवीतल्या धाकटीने घेतलाय. तिला २५ झेपत नाहीत, ती १० वर लावते. आधी ६० पर्यंत फिरवायचं, हे तिला त्यानेच शिकवलं.