स्टार मोजण्याचे नऊ महिने: हायस्कूल फुटबॉलच्या रेटिंग साइटचा वापरानंतरचा अनुभव

वापराचा काळ: ऑगस्ट २०२४ ते मे २०२५. खर्च: महिना साधारण दहा डॉलर, वर्षाचे एकदम भरले. साइटचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि ती एकट्या त्या साइटची नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इकडे शुक्रवारची रात्र म्हणजे शाळेची फुटबॉल मॅच. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन, हातात धरून पळायचा. ॲलन गावच्या हायस्कूलचं स्टेडियम २०१२ साली सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून उभं राहिलं आणि त्यात अठरा हजार माणसं बसतात. एका शाळेचं स्टेडियम! २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमचे चिरंजीव दहावीत गेले, शाळेच्या जेव्ही, म्हणजे दुय्यम, संघात लागले, आणि पहिल्याच आठवड्यात मागणी आली: "बाबा, रिक्रूटिंगची मेंबरशिप घे ना, सगळ्यांकडे आहे." घेतली.

सांगलीहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नातू त्यांना समजावत होता की अमुक मुलगा पाच स्टार आहे, तमुक चार. वडील म्हणाले, "पोरगं आहे का हॉटेल?" तेव्हा हसलो. नऊ महिन्यांनी वाटतं, प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख, आणि कॉलेजांचे संघ त्यांतूनच आपली भरती, म्हणजे रिक्रूटिंग, करतात. त्यातल्या काही हजारांचे व्हिडिओ पाहून, कॅम्पमध्ये उंची, वजन, वेग मोजून या साइट्सचे लोक गुण देतात आणि गुणांवरून स्टार ठरतात. २४७ स्पोर्ट्स नावाच्या साइटवाले स्वतःच्या गुणांबरोबर बाकीच्यांचे गुण एकत्र करून एक 'कॉम्पोझिट' आकडाही काढतात, तो जास्तीत जास्त १.०००० होऊ शकतो. पाच स्टारवाले वर्षाला बत्तीसच्या आसपास ठेवायचे असा त्यांचा हिशेब आहे, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्या 'ड्राफ्ट'च्या पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. म्हणजे हा आकडा 'हा मुलगा आत्ता किती चांगला खेळतो' याचा नाही. तीन-चार वर्षांनी व्यावसायिक संघ याला किती वर उचलतील याचं ते भाकीत आहे. त्यामुळे ते ड्राफ्टच्या निकालाशी ताडून पाहण्यात अन्याय काही नाही. त्यांनीच तसं मांडलंय.

पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. मॅचला जाण्याआधी समोरच्या संघात कोण किती स्टारचा आहे ते बघायचं आणि मग स्टँडमध्ये बसून जाणकारासारखं बोलायचं. खरं सांगायचं तर पाच स्टारवाला मुलगा मैदानात ओळखायला साइट लागतच नाही. बाकीची मुलं आणि तो यांत इतका फरक दिसतो की वाटतं, कुणाचा तरी मोठा भाऊ चुकून मैदानात उतरलाय. इथे रेटिंगवाले चुकत नाहीत. माइल्स गॅरेट इथलाच, आर्लिंग्टनचा. हायस्कूलमध्ये पाच स्टार, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला. जेडेव्हियन क्लाउनी २०११ मध्ये देशात पहिल्या नंबरचा मुलगा होता, २०१४ मध्ये ड्राफ्टमध्येही पहिला. ट्रेव्हर लॉरेन्सचंही तसंच.

नोव्हेंबरपासून मात्र मला माझी जुनी खोड लागली, एक्सेल उघडायची. आणि तिथे माझा एक गोंधळ सुटला, जो बहुतेक पालकांचा होतो असं मला स्टँडमधल्या गप्पांवरून वाटतं. स्टँडमध्ये नेहमी दोन पक्ष असतात. एक म्हणतो, "स्टारला काही अर्थ नाही, एनएफएलमध्ये निम्म्याहून जास्त मुलं तीन स्टार नाहीतर त्याहून खालची." दुसरा म्हणतो, "पाच स्टारवाल्यांतली निम्मी ड्राफ्ट होतात, अजून काय पाहिजे?" दोघेही खरं बोलतात आणि तासभर भांडतात.

हिशेब असा आहे. एका वर्षाच्या यादीत पाच स्टारवाले तीसेक, चार स्टारवाले तीन-चारशे, तीन स्टारवाले दीड-दोन हजारांच्या घरात. ढोबळ मानाने पाच स्टारवाल्यांपैकी निम्मे किंवा थोडे जास्त ड्राफ्ट होतात, चार स्टारमधले पाचात एक, तीन स्टारमधले वीसात एक. गुणाकार करा: सोळा-सतरा, साठ-सत्तर, आणि शंभरच्या आसपास. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत मिळून जागा अडीचशेच्या थोड्या वर, २०२५ मध्ये २५७ होत्या. म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी टीव्हीवर तीन स्टारवाल्यांचा घोळका दिसतो तो ते जास्त असल्यामुळे. त्यातल्या एकेकट्याचा नंबर लागण्याची शक्यता पाच स्टारवाल्याच्या एक दशांश. आणि ज्यांचं यादीत नावच नाही त्यांच्यासाठी? दहा लाखांतली एका इयत्तेची अडीच लाख धरली, तर यादीतली धरूनही सगळी मिळून हजारात एक, म्हणजे यादीबाहेरच्यांची त्याहूनही कमी.

तेव्हा 'रेटिंग चालतं का' याचं माझं उत्तर: घोळक्यावर चालतं, आणि चांगलं चालतं. एकट्या मुलावर लावायला गेलात की तोंडावर आपटता.

एप्रिलमध्ये ग्रीन बेला ड्राफ्ट झाला तेव्हा हे डोळ्यांसमोर घडलं. गुरुवारी रात्री पहिली निवड कॅम वॉर्ड. टेक्सासमधल्या वेस्ट कोलंबियाचा मुलगा. शाळेचा संघ चेंडू पळवणारा, फेकणं जवळपास नाहीच, मग क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याचा, हात दिसणार कुणाला? स्टार शून्य. मोठ्या कॉलेजांनी ढुंकून पाहिलं नाही, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डने घेतला. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी विद्यापीठ, आणि मग देशात पहिला. त्यानंतर लगेच दुसरा ट्रॅव्हिस हंटर, जो आपल्या वर्षाच्या यादीत पहिल्या नंबरवर होता. वा, जमलं म्हणायचं का? मग शनिवार उजाडला. चिरंजीव सोफ्यावर क्विन युअर्सच्या नावाची वाट बघत होते. युअर्स आमच्या शेजारच्या साउथलेकचा, कॉम्पोझिटमध्ये १.००००, म्हणजे पैकीच्या पैकी. टेक्सास विद्यापीठाच्या संघाला लागोपाठ दोन वर्षं कॉलेज प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नेलं. पाचवी फेरी गेली, सहावी गेली. घरात पोहे झाले, चहा झाला. सातव्या फेरीत एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्सने घेतला, क्रमांक २३१.

वॉर्ड आणि युअर्स: एकच राज्य, दोघेही क्वार्टरबॅक, एकच ड्राफ्ट. पण यावरून साइट बंद करायला निघालात तर थांबा. युअर्सच्याच २०२१ च्या यादीतले बाकीचे पाच स्टारवाले बघा: केलेब विल्यम्स २०२४ ला पहिला, जेसी लेथम त्याच ड्राफ्टमध्ये सातवा, एमेका इग्बुका २०२५ ला एकोणिसावा, जेटी टुइमोलोआऊ दुसऱ्या फेरीत, जॅक सॉयर चौथ्या फेरीत. काहींचं नाव पुकारलंच गेलं नाही. वाईट यादी म्हणता येत नाही. फक्त आतला क्रम कुणी तरी पत्ते पिसावेत तसा पिसून निघालाय.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर मी आता स्टारकडे बघतच नाही. २०१८ चा ड्राफ्ट घ्या, पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक. त्यात पाच स्टारवाला जॉश रोझेन, दहावा गेला, आणि एका संघातून दुसऱ्यात फिरत राहिला. तीन स्टारवाला लमार जॅक्सन शेवटून, बत्तिसावा, आणि त्याला पुढे दोनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. जॉश ॲलनला तर हायस्कूलनंतर कुणी बोलावलंच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावचा शेतकऱ्याचा पोरगा, रीडलीच्या ज्युनिअर कॉलेजातून कोचना ईमेल पाठवत बसला. वायोमिंगने घेतला. २०२४ च्या हंगामाचा एमव्हीपी तो. डोकं किती थंड राहतं, समोरची बचावफळी किती लवकर वाचता येते, हे सोळाव्या वर्षीच्या व्हिडिओत कसं दिसणार? दिसतो तो हात आणि उंची.

लाइनमनचीही, म्हणजे पुढच्या ओळीतल्या धिप्पाड मुलांचीही, तीच गत, कारण वेगळं. मुलं उशिरा वाढतात. एरिक फिशर हायस्कूलमध्ये दोन स्टारचा, सेंट्रल मिशिगनला गेला, २०१३ ला ड्राफ्टमध्ये पहिला. जेजे वॉट त्याच कॉलेजात टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा, म्हणून गेला होता, तेही दोन स्टारवर. मग विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपशिवाय येऊन उभा राहिला आणि २०११ ला अकरावा. ज्यांचं काम वेगावर आणि लांब हातांवर चालतं, म्हणजे एज रशर (क्वार्टरबॅकवर बाजूने धावून जाणारा), रिसीव्हर (चेंडू झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्या रिसीव्हरला रोखणारा), तिथे मला भाकीत जास्त भरवशाचं वाटलं. किकरचं विचारू नका. तिथे दोन-तीन स्टारच्या वर सहसा कुणी जात नाही, मुलगा पन्नास यार्डांवरून रोज गोल मारत असला तरी.

आता कुरकुर. हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका मुलाला एका बलाढ्य कॉलेजची ऑफर आली. आठवड्यात त्याचे तीनचे चार स्टार झाले. मधल्या काळात मॅच एकही नाही, कॅम्प नाही, हंगाम संपलेला. मग हे भाकीत कुणाचं? साइटचं की त्या कॉलेजच्या कोचचं? कोचला जास्त कळतं, हे मान्य. पण मग मी दहा डॉलर कशाचे देतोय? आणि जुना आकडा कुठे गेला ते सापडत नाही, नवा आकडा जणू पहिल्यापासून तोच होता अशा थाटात बसलेला असतो. भाकिताचा पडताळा घ्यायचा तर पहिलं भाकीत तारखेसह राहायला नको का? मी जानेवारीपासून स्क्रीनशॉट काढून ठेवायला लागलो. बायको म्हणाली, शेअर मार्केटचा हिशेब इतक्या निगुतीने ठेवला असतास तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट साइटची चूक नाही, पण आकडे वाचताना लक्षात ठेवावी लागते. पाच स्टारवाले जातात कुठे? जॉर्जिया, अलाबामा, ओहायो स्टेट. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये एकट्या जॉर्जियाची १५ मुलं गेली. तिथला आहार, तिथले कोच, सरावात रोज समोर उभा राहणारा प्रतिस्पर्धी, आणि स्टँडमध्ये बसलेले एनएफएलचे स्काउट. त्यातलं किती मुलाचं आणि किती जॉर्जियाचं, हे वेगळं काढायला माझं एक्सेल अपुरं पडलं. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, तेव्हापासून तर स्टारला थेट डॉलरची किंमत आलीय. युअर्स स्वतः शाळेचं शेवटचं वर्ष सोडून ओहायो स्टेटला गेला होता, कारण टेक्सासमध्ये शाळकरी खेळाडूला तसे पैसे घेता येत नव्हते.

कॉलेजचा संघ जिंकेल का हे सांगायला मात्र हेच स्टार झकास आहेत. निम्म्याहून जास्त भरती चार-पाच स्टारवाल्यांची असलेलेच संघ राष्ट्रीय विजेते होतात असा 'ब्लू-चिप रेशो'चा ठोकताळा २०२४ च्या हंगामापर्यंत होता, आणि २०२१, २०२२ चं जॉर्जिया, २०२३ चं मिशिगन, २०२४ चं ओहायो स्टेट, सगळे त्यात बसतात. एवढ्या मोठ्या संघात एकेकाची चूक विरून जाते.

घ्यावी का? कॉलेज फुटबॉलचे चाहते असाल तर घ्या, पण वर्षाची नको. नोव्हेंबरअखेर महिन्याची घ्या, डिसेंबरचा साइनिंगचा, म्हणजे मुलं कॉलेजशी करार करतात तो, आठवडा बघा, बंद करा. आपोआप नूतनीकरणाची खूण काढायला विसरू नका, ती अशा कोपऱ्यात लपवलीय की मला दोनदा शोधावी लागली. तुमचा मुलगा खेळत असेल आणि त्याच्यासाठी घेणार असाल, तर ते पैसे बुटांना ठेवा. चिरंजीवांचं पान साइटवर आहे, उंची चुकीची, वजन मागच्या वर्षीचं, स्टारच्या जागी रिकामं. त्यांनी उंची दुरुस्त करायला तीनदा फॉर्म भरला. अजून उत्तर नाही. तोवर पोरगं आणखी एक इंच वाढलं.