मणक्याचा एमआरआय: तपासणी चोख, काउंटर बेफिकीर

सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या आमच्या आईची पाठ दीड महिना दुखत होती आणि रात्री आडवे पडले की ते दुखणे वाढत असे, म्हणून कर्करोगतज्ज्ञांनी संपूर्ण कण्याचा एमआरआय करायला सांगितले. पुण्यातील ज्या केंद्रात तो केला, त्याचे नाव येथे देत नाही.

चिठ्ठीवर ‘चालताना तोल जातो’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही काउंटरवर आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. मज्जारज्जूवर दाब आला असेल, तर पायांतील शक्ती काही तासांतही जाऊ शकते आणि पूर्ण गेल्यावर ती बहुधा परत येत नाही, याची तेथे कोणाला जाणीव दिसली नाही. डॉक्टरांनी स्वतः फोन केल्यावर त्याच संध्याकाळची वेळ निघाली. पाठ टेकताच कळवळणाऱ्या रुग्णाला पाऊण तास उताणे निजायचे आहे, तेव्हा वेदनाशामक गोळी देऊन आणा, एवढेही कोणी सांगितले नव्हते.

रेडिऑलॉजिस्ट बाईंनी मात्र आम्हाला पडद्यासमोर बसवून सगळे दाखवले. निरोगी मणक्यातील चरबीयुक्त मज्जा त्या चित्रात उजळ दिसते. आईचा पाठीचा नववा मणका काळवंडला होता, पण वरखालच्या चकत्या, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गाद्या, शाबूत होत्या. आपल्याकडे अशा वेळी क्षयाचीही शंका येते. क्षय बहुतेकदा चकतीलाही पोखरतो, कर्करोग सहसा ती सोडतो, हा फरक त्यांनी बोट ठेवून समजावला आणि तरीही बायोप्सीशिवाय निदान पक्के धरू नका, असे बजावले. मग जुना एक्स-रे उजेडावर धरला. समोरून घेतलेल्या एक्स-रेत मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो; मणक्याच्या दोन बाजूंच्या हाडांच्या गोल सावल्या म्हणजे त्याचे डोळे. नवव्याचा एक डोळा मिटला होता, म्हणजे तेथले हाड खाल्ले गेले होते. (हीच फिल्म आधी एका डॉक्टरांनी ‘वयाचे दुखणे’ म्हणून परत दिली होती.)

छातीतला रोग पाठीत कसा गेला, असे आईनेच विचारले. पेशी रक्तावाटे येतात, आणि कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसल्याने खोकताना किंवा कुंथताना रक्त तेथे उलटेही वाहू शकते, असे बाई म्हणाल्या. मज्जेत रुजलेल्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात आणि झिजत्या हाडातून सुटणारी द्रव्ये पुन्हा कर्करोगालाच पोसतात.

“म्हणजे हा हाडाचा कॅन्सर?”

“नाही काकू, कॅन्सर स्तनातून आलेला निघाला तर स्तनाचाच म्हणायचा. औषधही त्याचेच.”

मज्जारज्जूवर दाब असल्याचे बाईंनी अहवाल छापून येण्याआधीच आमच्या डॉक्टरांना फोनवर कळवले, त्यामुळे आईला त्याच रात्री स्टेरॉइड सुरू झाले. तपासणीला पाचपैकी पाच, काउंटरला एक.