स्पाइकचे की स्पाइकलेस : गोल्फचे दोन्ही बूट अनेक महिने वापरल्यानंतर

गोल्फच्या बुटांची पकड दुकानातल्या गालिच्यावर तपासता येत नाही आणि कोरड्या, सपाट टीवरही, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात त्या जागेवरही, ती फारशी कळत नाही. तशा जमिनीवर स्पाइकचे बूट आणि स्पाइकलेस बूट जवळजवळ सारखेच वागतात. फरक दिसतो तो ओल्या उतारावर, पाय नीट रोवायला जागा नसताना. मी गेले अनेक महिने दोन्ही प्रकारांचा एकेक जोड आलटून पालटून वापरत आहे. पहिला चामड्याचा असून त्याच्या तळाला काढता-घालता येणारे प्लास्टिकचे स्पाइक आहेत. दुसरा विणलेल्या कृत्रिम कापडाचा, तळाला रबरी उंचवटे असलेला स्पाइकलेस. दोन्हींचे माप एक आणि दोन्हींवर पाणी आत शिरणार नाही असा दावा केलेला, त्यामुळे तुलना बरीचशी सरळ झाली.

आज आपण ज्याला स्पाइक म्हणतो तो मूळचा स्पाइक नव्हे. पूर्वी बुटांना धातूचे टोकदार खिळे असत. ते जमिनीत घट्ट रुतत, पण ग्रीनवरचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, गवत उपटत, लाकडी पायऱ्या खराब करत आणि काँक्रीटच्या वाटेवर घसरत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील आयडाहो राज्यात प्लास्टिकचे मऊ स्पाइक निघाले आणि पुढच्या काही वर्षांत असंख्य क्लबांनी धातूच्या खिळ्यांना बंदी केली. स्पाइकलेसची लोकप्रियता त्यानंतरची. 2010 च्या मास्टर्स या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत पन्नाशीचे अमेरिकी गोल्फपटू फ्रेड कपल्स मोजे न घालता, रोजच्या वापरातले वाटावेत अशा एक्को कंपनीच्या स्पाइकलेस बुटांत उतरले आणि 66 फटक्यांची पहिली फेरी खेळून आघाडीवर राहिले. त्या फेरीनंतर या प्रकाराकडे पाहण्याची नजर बदलली. अर्थात कपल्स यांच्या स्विंगची (काठी फिरवण्याची) लय ज्याच्याकडे आहे त्याला बूट कोणतेही चालतील, ही गोष्ट बूट विकत घेताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

पकड नेमकी कुठे लागते हे समजल्याशिवाय निवड करणे कठीण आहे. उजव्या हाताने खेळणारा डाउनस्विंग, म्हणजे मागे नेलेली काठी चेंडूकडे खाली आणणे, सुरू करतो तेव्हा तो उजव्या पायाच्या आतल्या कडेने जमिनीला रेटा देतो. मग भार डाव्या पायावर येतो, आणि चेंडूला फटका बसण्याच्या सुमारास त्या पायाखालचा दाब शरीराच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकतो. त्यानंतर कंबर वळते, डाव्या पायाचा भार बाहेरच्या कडेवर जातो, उजवी टाच उचलली जाते आणि उजवा पाय चवड्यावर फिरतो. म्हणजे एका पायाला मागे आणि बाहेरच्या बाजूला घसरण्यापासून आधार हवा असतो, तर दुसऱ्याला पिळाला तोंड द्यायचे असते. स्पाइकच्या तिरक्या पायांचे (दात्यांचे) काम जमिनीत भोके पाडण्याचे नसून गवताच्या पात्यांत अडकण्याचे असते. स्पाइकलेसचे बारीक उंचवटे मोठ्या पृष्ठभागावर भार पसरवतात आणि रबराच्या घर्षणावर जास्त अवलंबून राहतात. पाण्याचा किंवा चिखलाचा थर मध्ये आला की हे घर्षण सर्वांत आधी कमी होते.

याचा अनुभव ड्रायव्हरपेक्षा (लांब फटक्याच्या काठीपेक्षा) आयर्न (धातूच्या पात्याची, मधल्या अंतराची काठी) मारताना अधिक स्पष्ट येतो. सकाळचे दव अजून वाळलेले नव्हते, चेंडू पायांच्या पातळीखाली, बाजूच्या उतारावर पडला होता आणि हातात सात नंबरचे आयर्न होते. डाउनस्विंगच्या सुरुवातीलाच स्पाइकलेसमधला उजवा पाय दोन बोटे मागे सरकला, शरीर किंचित वर उचलले गेले आणि क्लबची (काठीची) खालची कड चेंडूच्या मधोमध लागून तो जमिनीलगत पळाला. पायाखाली पाहिले तर दवातून एक सरळ, गडद रेघ उमटली होती. त्याच भागात, तशाच ओल्या गवतावर स्पाइकचे बूट घालून खेळताना उजव्या बुटाखाली रेघ उठत नाही, फक्त गवत दबते. दोन बोटे सरकणे ऐकायला किरकोळ वाटते. पण त्याहून मोठा तोटा पुढच्या फटक्याला होतो. एकदा पाय घसरला की शरीर आपोआप सावध होते, स्विंग आखडतो, आणि अर्ध्या ताकदीने मारलेला चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातो. म्हणून ओल्या दिवसात मला स्पाइकचा खरा फायदा वाटतो तो निश्चिंतपणाचा. त्या बुटांत मी पायांचा विचारच करत नाही.

स्पाइकचे दुखणे मात्र वेगळे आहे. चिकट मातीच्या कोर्सवर आणि नुकतेच कापलेले गवत पडलेल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या गवताच्या पट्ट्यावर), स्पाइकच्या पायांमध्ये गवत आणि माती यांचा एक घट्ट थर बसतो. चार-पाच होलनंतर (टीपासून खळग्यापर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल) बूट उलटा करून पाहिला तर स्पाइकची टोके दिसतही नाहीत, सगळा तळ एकसारखा हिरवट-काळा झालेला असतो. अशा वेळी तो बूट स्पाइकलेसपेक्षाही वाईट घसरतो, कारण उंचवट्यांच्या मधल्या जागेतून माती थोडीफार तरी झटकली जाते. चेंडू ठेवायच्या लाकडी खुंटीच्या, म्हणजे टीच्याच, टोकाने एकेक स्पाइक खरवडून काढणे हा माझा आता प्रत्येक टीवरचा परिपाठ झाला आहे. बरोबरचे खेळाडू फटका मारेपर्यंत एक बूट साफ होतो. ज्यांना हा उपद्व्याप नको असेल त्यांनी मातीचा पोत पाहूनच स्पाइक निवडावेत. वाळूमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीवर हा त्रास नावापुरताच असतो.

चालण्याच्या बाबतीत स्पाइकलेस निर्विवाद पुढे आहेत. अठरा होल पायी खेळले की आठ ते दहा किलोमीटर चाल होते, आणि त्यातला बराच भाग काँक्रीटच्या वाटांवर, पुलांवर आणि वाळलेल्या कडक फेअरवेवर असतो. कडक जमिनीवर स्पाइक आत जात नाहीत, त्यामुळे सगळे वजन मोजक्या बिंदूंवर पडते आणि शेवटच्या काही होलना चवड्याखाली हरभऱ्याचे दाणे असल्यासारखे टोचते. जाड, चांगल्या तळाच्या बुटांत हे कमी होते, नाहीसे होत नाही. स्पाइकलेसमध्ये पाय जमिनीच्या जवळ राहतो आणि भार सगळ्या तळावर वाटला जातो. त्या बुटांनी पूर्ण फेरी पायी खेळल्यावरही मला बूट काढण्याची घाई होत नाही. ओल्या काँक्रीटवर आणि गुळगुळीत लाकडी पायऱ्यांवरही तेच सुरक्षित वाटतात. ज्या पुलावर मी स्पाइकच्या बुटांत कठडा धरून चालतो, तोच पूल स्पाइकलेसमध्ये बोलता बोलता ओलांडतो. सरावाच्या ठिकाणच्या कृत्रिम चटईवर तर स्पाइक नकोच, कारण तिथे ते पायाला फिरू देत नाहीत आणि झिजतातही लवकर.

पायाला फिरू देण्याचा हा मुद्दा गुडघ्याशी जोडलेला आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. पकड जितकी जास्त तितकी चांगली, हे गृहीतक पूर्ण बरोबर नाही. डावा पाय जमिनीला खिळल्यासारखा राहिला आणि वरून कंबर जोरात वळली, तर तो पीळ मधल्या सांध्याला सोसावा लागतो. स्पाइकलेसमध्ये फटक्यानंतर डावा पाय टाचेवर थोडासा फिरतो आणि माझ्या गुडघ्याला ते मानवते. स्पाइकच्या बुटांत मी डाव्या पायाचे बोट आधीच लक्ष्याच्या दिशेला थोडे उघडून उभा राहतो, त्यामुळे पीळ बराच कमी होतो. गुडघ्याची जुनी तक्रार असलेल्यांनी बूट बदलण्याआधी ही उभे राहण्याची पद्धत करून पाहावी, आणि दुखत असेल तर डॉक्टरांना विचारावे.

ग्रीनचे नुकसान स्पाइक करतात आणि स्पाइकलेस करत नाहीत, हा समज मला पटलेला नाही. आजचे काही स्पाइकलेस तळ इतके उग्र, कडांना धारदार उंचवटे असलेले असतात की ग्रीनवर पाय वळवला की स्पाइकपेक्षा मोठा व्रण उठतो. उलट, मऊ स्पाइकचा चांगला संच घालून पाय उचलून चालणारा खेळाडू जवळपास काहीच खूण ठेवत नाही. पाय फरफटत चालण्याच्या सवयीपुढे दोन्ही प्रकार सारखेच अपराधी आहेत. 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या नियमांत, 13.1सी या कलमाखाली, ग्रीनवरच्या बुटांच्या खुणाही चेंडू मारण्यापूर्वी दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. त्याआधी पटच्या, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या फटक्याच्या, रेषेत आलेली स्पाइकची खूण तशीच सोसावी लागे. नियम बदलल्यामुळे या वादातली धार कमी झाली आहे, तरी ग्रीनवरचे वागणे बदलायचे कारण नाही.

टिकाऊपणाबद्दल मात्र माझे मत महिन्यांगणिक बदलत गेले. स्पाइकलेस घरून घालून निघता येतात, गाडी चालवता येते, बूट बदलायला थांबावे लागत नाही, आणि हीच सोय त्यांचा तळ खाते. डांबर आणि काँक्रीट रबराला गवतापेक्षा कितीतरी लवकर झिजवतात. माझ्या जोडात टाचेच्या बाहेरच्या कडेचे उंचवटे आता जवळजवळ सपाट झाले आहेत, आणि उजव्या बुटाच्या चवड्याखाली, जिथे प्रत्येक फटक्यानंतर पाय फिरतो, तिथे एक गुळगुळीत चकती तयार झाली आहे. वरचा भाग अजून नव्यासारखा दिसतो, पण झिजलेले उंचवटे बदलता येत नाहीत, त्यामुळे दवातल्या खेळासाठी हा जोड निकामी झाला आहे. कोरड्या दिवसांना तो अजून चालतो. गोल्फखेरीज इतर चालण्यासाठी तो वापरायचा नाही असे मी आता ठरवले आहे, म्हणजे त्याची निम्मी जाहिरात मी स्वतःच रद्द केली आहे.

स्पाइकच्या जोडात झीज झाली तरी तिच्यावर उपाय आहे. साधारण पंधरा ते वीस फेऱ्यांनंतर स्पाइक बदलावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. काँक्रीटवर जास्त चालणाऱ्याला ते त्याआधीच लागतात. मी संच बदलला तेव्हा टाचेचे स्पाइक निम्म्याहून अधिक झिजलेले होते आणि मधले जवळपास शाबूत. दोन दातांच्या चावीने सुरुवातीचे सहज निघाले, पण एका खोबणीत वाळू घट्ट बसल्यामुळे चावी सटकून प्लास्टिकची भोके मोठी झाली आणि शेवटी पक्कड लावावी लागली. त्यामुळे आता मी प्रत्येक फेरीनंतर तळ ब्रशने धुतो आणि महिन्याभराने प्रत्येक स्पाइक थोडा सैल करून पुन्हा घट्ट करतो. नवा संच बसवल्यावर जुना बूट तळापुरता पुन्हा नवा होतो. झिजलेल्या स्पाइकच्या बुटापेक्षा नवे स्पाइकलेस बरे, हे मात्र निःसंशय सांगता येते. बुटाचा प्रकार कोणता यापेक्षा त्याचा तळ आज कोणत्या अवस्थेत आहे हे फटक्याच्या वेळी जास्त मोलाचे ठरते.

पाय घसरला अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांचा पाय प्रत्यक्षात जमिनीवर न घसरता बुटाच्या आत सरकत असतो. माझ्या स्पाइकलेसचे विणलेले कापड सुरुवातीला फार आरामदायक होते, पण ते ताणले गेल्यावर डावा पाय बाहेरच्या कडेवरून ओघळू लागला, आणि कितीही चांगला तळ याला काही करू शकत नाही. चामड्याचा बूट पहिल्या काही फेऱ्यांत टाचेला चावला, मग पायाच्या आकारात बसला आणि आजही बाजूचा आधार तसाच देतो. ओलसरपणातही हाच क्रम दिसला. दोन्ही बुटांत पाणी आत शिरले नाही, परंतु कापड बाहेरून पाणी शोषून जड होते आणि वाळायला दुसरा दिवस उजाडतो. चामडे पुसले की झाले. दोन्ही जोड वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीतच वाळवावेत, हीटरजवळ ठेवू नयेत. माप घ्यायचे तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि खेळताना घालतो ते मोजे घालूनच घ्यावे.

एकच जोड घेणे शक्य असेल तर मी पाहीन ते आपण वर्षभरात किती वेळा ओल्या, उताराच्या जमिनीवर उभे राहतो हे. पहाटेच्या दवात किंवा पावसानंतर नियमित खेळणाऱ्याने आणि वेगाने स्विंग करणाऱ्याने स्पाइकचे बूट घ्यावेत. दुपारी खेळणाऱ्या, पायी चालणाऱ्या, सपाट कोर्सच्या खेळाडूला स्पाइकलेस पुरतात, आणि सरावाच्या चटईवर जास्त वेळ घालवणाऱ्या नवशिक्यालाही मी तेच सुचवीन. स्पाइकचे घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी बूट उलटा करून स्पाइक बसवण्याची पद्धत कोणती ते पाहून घ्या. फास्ट ट्विस्ट, पिन्स, स्लिम-लॉक अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत, एकीचा स्पाइक दुसरीच्या खोबणीत बसत नाही, आणि बदली संच मागवताना बुटाच्या नावापेक्षा या पद्धतीचे नाव लागते. शक्य असेल तर एक जादा संच आणि चावी बुटांबरोबरच घेऊन ठेवावी, कारण एखादा स्पाइक गळून पडलेला बहुधा टीवर उभे राहिल्यावरच लक्षात येतो.