अक्षरे कर्व्ह करावीत की पीडीएफमध्ये फॉन्ट बसवावा?

ठाण्याच्या नौपाड्यातले डीटीपीवाले असोत किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातले छापखाने, काम घेऊन जाणाऱ्याला अनेकदा पहिली सूचना एकच मिळते: फाइल कर्व्ह करून पाठवा, म्हणजे अक्षरांचे रेषांच्या आकारांत रूपांतर करून पाठवा. ही सूचना सरसकट पाळणे योग्य नाही आणि ती जुनाट म्हणून बाजूला सारणेही योग्य नाही. माझ्या मते आधी एवढेच विचारावे, की आपण दिलेली फाइल छापखान्यात कोणी उघडून तिच्यात काही करणार आहे, की ती जशीच्या तशी प्लेटवर किंवा मशीनवर जाणार आहे.

रेखाकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करणे सोपे आहे: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबले, इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ किंवा इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ दिले, की प्रत्येक अक्षर बिंदू आणि वक्ररेषांनी बांधलेला आकार बनते आणि त्याचा फॉन्टशी संबंध संपतो. पीडीएफमध्ये फॉन्ट बसवल्यास मजकूर मजकूरच राहतो आणि वापरलेल्या अक्षराकृती फाइलसोबत जातात.

फाइल कोरलमध्ये उघडली जाणार असेल, तर कर्व्ह करण्याला पर्याय नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या मजकुराची अडचण वेगळी आहे. कोरलड्रॉमध्ये ओपनटाइप (जोडाक्षरांचे नियम सोबत असलेले फॉन्ट) आणि भारतीय लिप्यांची नीट जुळणी २०१२ च्या एक्स६ आवृत्तीपासून आली आणि त्याआधीच्या आवृत्त्या आजही काही ठिकाणी वापरात आहेत. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाही, म्हणून कर्व्ह केल्यावर ती छापखान्याच्या आवृत्तीत जतन करून द्यावी लागते, हे आधीच विचारून घ्यावे.

मराठीपुरता धोका याहून सूक्ष्म आहे. फॉन्ट बदलला गेला किंवा मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येऊ शकतात. जोडणी बिघडली तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, म्हणजे डोंगरातली जागा समुद्रात जाते, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडची पलीकडे सरकते. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडलेला नसला, तर हा वेलांटीचा दोष आपल्याच पडद्यावर दिसतो आणि त्या अवस्थेत अक्षरे कर्व्ह केली तर तो दोषही कायमचा गोठतो. म्हणून शुद्धलेखन तपासणे आणि ‘ऱ्य’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार, वेलांट्या डोळ्यांखालून घालणे हे कर्व्ह करण्याच्या आधीचे काम आहे.

या बाबतीत पीडीएफविषयी एक गैरसमज आढळतो. फॉन्ट बसवलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरे पुन्हा जुळवली जात नाहीत. कोणती अक्षराकृती कुठे ठेवायची, हे पीडीएफ तयार होतानाच ठरलेले असते. ती थेट छापली, तर मराठी बिघडण्याचे कारण उरत नाही. मात्र कोणी समास सरकवण्यासाठी तीच पीडीएफ इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये उघडली, की मजकूर त्या संगणकावरच्या फॉन्टवर अवलंबून राहतो आणि तिथे मराठी मोडते. छापखान्याच्या अनुभवातून पीडीएफला जो दोष दिला जातो, तो माझ्या मते बहुधा या उघडण्याचा असतो.

दुकानाच्या पाट्यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण २०२२ मधील कायद्यातल्या सुधारणेनुसार राज्यातील दुकानांना मराठी देवनागरी पाटी लावणे बंधनकारक आहे आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. पाटीसाठी विनाइलचे चिकटपत्र कापणाऱ्या प्लॉटर यंत्राला केवळ रेषा समजतात, म्हणून इथे कर्व्ह करणे अनिवार्य आहे. पण देवनागरीसाठी तेवढ्याने भागत नाही. बहुतेक फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. नुसते कर्व्ह करून दिले, तर प्लॉटर प्रत्येक सांध्यावर सुरी फिरवतो आणि ‘मिठाई’ची सलग शिरोरेषा तुकड्यांत कापली जाते. त्यासाठी कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये ‘वेल्ड’, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधील ‘युनाइट’ किंवा इंकस्केपमध्ये ‘युनियन’ देऊन शब्द एकसंध करावा. अक्षरांना बाहेरून रंगीत किनार द्यायची असेल, तरी हेच करावे, अन्यथा किनार सांध्यासांध्यावर शिरोरेषेच्या आत उतरते. छपाईतही आकार चुकीच्या रीतीने एकत्र केले, तर चढलेल्या भागात पांढरी फट पडलेली दिसते.

पुस्तिका, वार्षिक अहवाल, संस्थेची स्मरणिका अशा मजकुराने भरलेल्या कामात मात्र माझा कौल निःसंशय पीडीएफला आहे. बसवलेल्या फॉन्टमध्ये ‘क’ची आकृती एकदाच साठवली जाते, कर्व्ह केल्यावर ती प्रत्येक ‘क’साठी नव्याने लिहिली जाते आणि फाइल फुगते. लहान आकाराची अक्षरे कमी रिझोल्यूशनवर नीट बसवणाऱ्या फॉन्टमधील सूचनाही कर्व्ह केल्यावर जातात, त्यामुळे साध्या लेझर प्रिंटवर आठ पॉइंटचा मजकूर किंचित जाड दिसू शकतो. ऑफसेटच्या २४०० डीपीआय (इंचामागे ठिपके) प्लेटवर हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. काही डिजिटल मशीनवरील रिप (फाइलचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारे) सॉफ्टवेअर मजकूर आणि चित्र यांना वेगळी वागणूक देते, आणि अक्षरांचे आकार झाले की काळ्या मजकुराला मिळणारी ती खास वागणूक मिळेलच असे नाही. शिवाय कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये शोध चालत नाही. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर कर्व्ह करताना बुलेट, क्रमांक आणि अधोरेखा गळून पडतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

पीडीएफ देताना छपाईसाठी ठरवलेला पीडीएफ/एक्स-१ए किंवा एक्स-४ हा प्रकार निवडावा, कारण दोन्हींत फॉन्ट बसवणे सक्तीचे आहे; पारदर्शक छटा असतील तर एक्स-४ घ्यावा, कारण एक्स-१ए त्या स्वीकारत नाही. ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल आणि डी दाबून ‘फॉन्ट्स’ पाहिले, की प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ (फक्त वापरलेल्या अक्षरांपुरता बसवलेला) किंवा ‘एम्बेडेड’ (बसवलेला) असायला हवे. काही फॉन्टच्या परवान्यात बसवण्याला मनाई असते. तिथे परवाना वाचून कर्व्ह करणे किंवा फॉन्ट बदलणे एवढेच हाती उरते. फॉन्टची फाइल छापखान्याला पेनड्राइव्हवर देणे हा तिसरा मार्ग सर्रास वापरला जातो, पण बऱ्याच परवान्यांत त्याला परवानगी नसते आणि आवृत्ती वेगळी निघाली तर ओळी सरकतात.

कर्व्ह केलेल्या पत्रिकेत मुहूर्ताची वेळ ऐनवेळी बदलली, तर छापखाना ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने जतन करून प्रतीवरच कर्व्ह करावे आणि दुरुस्ती नेहमी मुळातच करावी. स्मरणिकेसारख्या कामात दोन्ही मार्ग एकत्रही चालतात: मुखपृष्ठावरचे सजवलेले शीर्षक कर्व्ह करून, आतील पाने बसवलेल्या फॉन्टसह, आणि सगळे एकाच पीडीएफमध्ये.