साडेनऊशेचा वजनकाटा, चार वर्षं रोज वापरून

जून २०२१ ला सोलापुरातल्या नवी पेठेतल्या एका दुकानातून साधा काचेचा डिजिटल वजनकाटा घेतला, ९५० रुपयाला, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या किमतीतले काटे आतून जवळपास सारखेच असतात, वर काच, खाली चार पाय, आणि प्रत्येक पायात वजन ओळखणारा एक सेन्सर. ब्लूटूथ नाही, ॲप नाही, काही नाही. चढायचं, आकडा स्थिर झाला की उतरायचं. चार वर्षांत रोज सकाळी वापरलाय, गावाला गेले ते दिवस सोडून.

आधी सांगते मला हा का घ्यावा लागला, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मी एका सेंटरला जायचे, तिथं सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या जागी पावडरचा शेक द्यायचे आणि दर सोमवारी त्यांच्या काट्यावर वजन. ८४ वरून ७३ ला आले, चार महिन्यांत ११ किलो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, कोर्स संपला. कोर्स संपल्यावर पुढं काय करायचं हे एकानंही सांगितलं नाही, एका शब्दानं नाही. घरात काटा नव्हता. मी कारखान्यात अकाऊंटला आहे, टॉवेलच्या, दिवसभर खुर्चीवर, अंगावर रोज पंजाबी ड्रेस आणि सलवारीला नाडी. नाडी कधी सांगत नाही की तू वाढलीस, ती आपली सैल होत जाते. चौदा महिन्यांनी भाचीच्या लग्नात ब्लाऊजचं हूक लागेना, बहीण मागून ओढत होती आणि मी श्वास रोखून उभी, तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधल्या काट्यावर चढले तर ८७. गेलेले ११ परत आले होते आणि वर आणखी तीन. त्या दिवशी मी घरी येऊन रडलेय खरंच, कारण मला वाटत होतं मी थोडीशीच वाढलेय, चार-पाच किलो फार तर.

म्हणून हा काटा. आणि चार वर्षांनी मी सांगते की वजन कमी करायला याचा उपयोग आहेच, पण खरा उपयोग कमी झालेलं धरून ठेवायला आहे, त्यासाठी याच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही.

आता काटा बरोबर दाखवतो का. हे मी घेतल्या घेतल्या तपासलं, आणि तुम्हीही असंच तपासा, घरात त्याला लागणारी वस्तू आहेच. गॅसचं भरलेलं सिलिंडर. त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, आमच्यावर १५.९ होतं, आणि आत गॅस १४.२ किलो, म्हणजे सीलबंद सिलिंडर ३०.१ भरायला पाहिजे. ह्यांना काट्यावर उभं केलं, ७१.४. मग सिलिंडर उचलून धरायला लावलं, १०१.६. म्हणजे ३०.२. शंभर ग्रॅमचा फरक, मला चालतो.

दुसरं तपासायचं ते दुकानातच तपासा. बऱ्याच डिजिटल काट्यांना मागचा आकडा लक्षात ठेवायची सवय असते, तुम्ही लगेच परत चढलात आणि फरक थोडा असेल तर तो सरळ जुनाच आकडा दाखवतो, आपल्याला वाटतं वा काय अचूक आहे. म्हणून एकदा मोकळं चढायचं, उतरायचं, मग अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन चढायचं. आकडा अर्ध्या किलोनं हलला पाहिजे. मी पहिल्या दुकानात बघितलेला काटा हलला नाही, तो सोडून दिला. माझा हलतो.

आणि फरशी. आपल्याकडं जुन्या घरात सगळीकडं शहाबादी फरशी, आमचं घरही तसंच, आणि ही फरशी कधी एका पातळीत नसते, जोडावर काटा ठेवला की एक पाय अधांतरी राहतो. पहिले पंधरा दिवस माझं डोकं फिरायची वेळ आली होती, सकाळी देवघरासमोर सहा-सातशे ग्रॅम कमी आणि दारापाशी ठेवला की किलोभर जास्त. एकच बाई, पाच मिनिटांत. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जिथं नंतर टाइल्स बसवल्यात तिथं ठेवला आणि चारी पायांभोवती पेंटनं खूण केली. तिथून हलवायचा नाही. सतरंजीवर, पायपुसण्यावर तर ठेवायचाच नाही. एवढं केलं की हा काटा शहाण्यासारखा वागतो.

तोटे सांगते. ओल्या पायानं काच भयंकर घसरते, अंघोळ करून थेट चढू नका, वयस्कर माणसांनी तर भिंतीजवळच ठेवावा. आकडे मागं लाईट नसल्यानं पहाटे दिसत नाहीत. बटणासारखा गोल सेल लागतो, सीआर २०३२, तो माझा पावणेदोन-दोन वर्षं गेला, संपत आला की आकडे फिके पडतात आणि एक दिवस काटा उघडतच नाही. शरीरातली चरबी किती टक्के वगैरे सांगणारे महाग काटे मैत्रिणीकडं आहेत, ते पायातून बारीक करंट सोडून अंदाज लावतात, आणि तिचा आकडा पाणी पिण्याआधी एक आणि नंतर एक. त्याला जास्तीचे पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वापरायचा कसा, कारण काटा घेऊन कपाटाखाली सरकवलेली चार घरं मला माहीत आहेत.

रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आणि आकडा लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलनं. रविवारी सात आकड्यांची सरासरी, तीच खरी धरायची. रोजच्या आकड्याला घाबरायचं नाही हे शिकायला मला सहा महिने लागले. जानेवारीत भोगीची भाजी, बाजरीची भाकरी लोण्याबरोबर, दुसऱ्या दिवशी शेंगापोळ्या तुपात, मग सिद्धेश्वरांच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला, होम मैदानावर पोरांबरोबर भजी आणि काय काय, तीन दिवसांनी काटा १.८ किलो जास्त. पहिल्या वर्षी मी हादरले होते. मग हिशोब केला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे १.८ किलो चरबी चढायला रोजच्या जेवणाच्या वर जवळपास १४ हजार कॅलरी खायला पाहिजेत, तीन दिवसांत तेवढं कोण खातंय. ते पाणी असतं, मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरतं, आणि पोळी-भात जास्त झाला की त्याची साखर शरीरात साठते ती एका ग्रॅमबरोबर तीन-एक ग्रॅम पाणी घेऊन साठते. नऊ दिवसांत उतरलं, काही न करता, नेहमीचं जेवण सुरू केल्यावर. उलटं मे महिन्यात, आपल्या ४३ डिग्रीच्या उन्हाळ्यात कंबर तलावाला तासभर चालून आलं की पाऊण किलो कमी दिसतं, त्यानंही खूश व्हायचं नाही, तेही पाणीच.

८७ वरून ६८ ला यायला मला सोळा महिने लागले, ऑक्टोबर २०२२ ला पोचले. माझी उंची पाच फूट दोन, चार्टप्रमाणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २७ च्या पुढं, आणि आपल्या भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, म्हणजे कागदावर मी अजून जाडच. डॉक्टर म्हणाले आणखी घाई करू नका, आधी हे टिकवा. आणि तिथून खरं काम सुरू झालं. वजन उतरवताना रोज काहीतरी हाती लागतं, आकडा खाली जातो, लोक विचारतात. टिकवताना काहीच घडत नाही, आणि काही घडू नये हेच तर पाहिजे असतं, त्यासाठी रोज तेवढीच मेहनत.

त्या काळात मी रात्री खूप वाचायचे. २०१६ ला केविन हॉल नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं आणि त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हे वाचून मला आधी भीती वाटली आणि मग एकदम हलकं वाटलं, कारण एवढी वर्षं मी समजत होते की माझ्यात मनाचा जोर नाही. शरीरच परत ओढत असतं, भूक वाढवून, खर्च कमी करून. आता वजन उतरवायची जी इंजेक्शनं आलीत ती बंद केल्यावरही वजन परत येतं हे त्यांच्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे कुठल्याही रस्त्यानं उतरवा, राखण करावीच लागणार.

आणि राखण कशी करायची तेही मिळालं. रीना विंग म्हणून संशोधक आहेत, त्यांचा २००६ चा अभ्यास, ३१४ माणसं, सगळी आधीच वजन उतरवलेली, सरासरी १९ किलोच्या आसपास, बरोबर माझ्याएवढी. त्यातल्या काहींना रोज वजन करायला शिकवलं आणि रंग ठरवून दिले, हिरव्यात आहात तर शाबास, पिवळ्यात गेलात तर सांभाळा, लाल झालं तर लगेच परत वजन उतरवायच्या शिस्तीवर. दीड वर्षांनी, ज्यांना नुसती पत्रकं पाठवली त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांचं वजन सव्वादोन किलोच्या वर परत आलं होतं, आणि जे समोरासमोर भेटून हे करत होते त्यांच्यात ४६ टक्के. म्हणजे निम्म्यांच्या आसपास त्यांच्यातही वाढलंच, हे मी लपवत नाही, सोपं नाहीच हे. पण फरक केवढा बघा.

मी कॅलेंडरवर तेच रंग घेतले. रविवारची सरासरी ६९ पर्यंत हिरवा, ७० पर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल पेन. पिवळ्यात गेले की किचनचा छोटा काटा निघतो, तो ३८० रुपयाला घेतला होता, आणि पहिली वस्तू त्यावर जाते ती शेंगा चटणी. बाकी काही मोजायच्या आधी तीच. आपल्याकडं ताटात चटणी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही, कडक भाकरी, दही आणि उखळात कुटलेली चटणी, तेल सुटलेली, त्यावर परत वरून तेल. मला वाटायचं मी चमचाभर घेते. एकदा वाटी काट्यावर ठेवून शून्य केली आणि नेहमीसारखी वाढून घेतली, ५८ ग्रॅम. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ५६० च्या पुढं कॅलरी, म्हणजे वरचं तेल न धरताही नुसत्या चटणीच्या सव्वातीनशे, दोन्ही वेळच्या साडेसहाशे. भाकरीला मी उगाच दोष देत होते. चटणी सोडली नाही, सोडणारही नाही, २० ग्रॅम घेते, आणि आता बघितल्या बघितल्या हाताला कळतं २० म्हणजे केवढी.

तेव्हापासून लाल पेन एकदाच लागलंय. गेल्या वर्षी आईंना, म्हणजे सासूबाईंना, दवाखान्यात ठेवलं होतं, अठरा दिवस, बाहेरचे वडे, रात्री अकराला जेवण, चालणं बंद. ७१.३. आधीच्या वेळी असं झालं तेव्हा मला चौदा महिन्यांनी कळलं होतं, यावेळी चौथ्याच आठवड्यात कळलं. संध्याकाळचा भात बंद, तलावाला अर्ध्या तासाऐवजी तास, चटणी काट्यावर. सात आठवड्यांत ६८.६. तीन किलो उतरवणं माणसाच्या हातातलं आहे, एकोणीस परत उतरवायची ताकद माझ्यात राहिली नसती.

आईंचं हृदयाचं पंपिंग कमी आहे, आणि डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी त्यांनाही रोज वजन करायला सांगितलं, तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करा म्हणून. आता सकाळी आधी आई, मग मी. त्यांना आकडा दिसत नाही, मला हाक मारतात, "अगं किती आलं बघ." एका कॅलेंडरवर आता दोन ओळी असतात, त्यांची निळी.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. माझी मुलगी चौदा वर्षांची, मध्यंतरी मला दिसलं की ती जेवून उठली की गुपचूप काट्यावर चढते, आणि मग दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत. मी तिला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून काटा आमच्या खोलीतल्या कपाटात कुलपात असतो, सकाळी काढते, खुणेवर ठेवते, दोघींचं झालं की परत आत. तिच्याशी नंतर बसून बोलले, बरंच बोलले, शाळेत कोण काय म्हणालं तेही निघालं. आता डबा संपवून आणते. घरात वाढत्या वयाची पोरं असतील किंवा खाण्यावरून आधीच मनात काही चालू असलेलं माणूस असेल तर हा काटा समोर पडलेला ठेवू नका, आणि ज्यांना रोजचा आकडा बघून दिवसभर जीव कासावीस होतो त्यांनी आठवड्यातून एकदाच करा, तेवढंही पुरतं.

घ्यायचा असेल तर दुकानातूनच घ्या, चढून, बाटलीची टेस्ट करून. १५० किलोच्या वर क्षमता असलेला बघा, काच जाड, आणि पायाखालची रबरं चारही शाबूत आहेत का ते उलटा करून बघा, माझ्यातलं एक गेल्या दिवाळीत निघालं होतं आणि त्या आठवड्यात सगळेच आकडे चुकले. नंतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला, परत सिलिंडर उचलून बघितलं, ३०.१.