१९०२ की १९३७? राज्याभिषेकाची दोन सोन्याची प्रूफ नाणी

दोन्ही ब्रिटिश, दोन्ही पाच पाउंडांची. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास काळजीने पाडलेलं, एरवी आरशासारखं चमकणारं नाणं. वजन जवळपास ४० ग्रॅम, सोनं २२ कॅरट, मागच्या बाजूला कोरीवकाम करणाऱ्या पिस्त्रुचीचा तोच घोडेस्वार सेंट जॉर्ज. म्हणजे फरक बघायचा तो राजाच्या चेहऱ्यात आणि झळाळीत.

सातव्या एडवर्डचं १९०२ चं प्रूफ पहिल्यांदा हातात घेणारा फसतोच. त्याला चमक नाही! साच्यांवर वाळूचा मारा करून मुद्दाम मंद, मखमली पोत आणलेला. पूर्वी कित्येकांना ते मळकट वाटलं आणि त्यांनी कापडाने घासून 'उजळवलं'. त्यामुळे न घासलेलं नाणं मिळणं हीच खरी दुर्मिळता. राज्याभिषेकही ठरल्या दिवशी झाला नाही. राजाच्या पोटाच्या शस्त्रक्रियेमुळे जूनचा सोहळा ९ ऑगस्टला गेला.

सहाव्या जॉर्जचं १९३७ चं नाणं मात्र आरशासारखं, कड साधी, रेघांविना. हम्फ्री पेजेटने कोरलेला चेहरा इतका नेटका की दुसरं काही बघावंसं वाटत नाही. शिवाय एडवर्डची सोन्याची नाणी व्यवहारातही होती. जॉर्जचं नाव आणि चेहरा असलेली या सालाची सोन्याची नाणी फक्त प्रूफ संचांतच निघाली, साधारण साडेपाच हजार संच.

दोन्हींवर 'इंड इम्प', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, कोरलेलं आहे. आपल्याकडच्या संग्राहकाची नजर आधी तिथेच जाते.

मी १९३७ चं घेईन. १९०२ चं घ्यायचं तर भिंगाशिवाय नको.